इंजिनाची हवा वेगळी, माणसाची वेगळी

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की घरातले शाळकरी मूलसुद्धा दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, काडी ओढायची नाही, हे आपल्याला तोंडपाठ आहे. या पाठांतराच्या मुळाशी आहे एक उग्र वासाचे रसायन. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा फारसा वास नसतो. गळती झाली तर माणसाला कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. या व्यवस्थेने असंख्य जीव वाचवले, पण विषारी वायूला वास असणारच, असा एक समजही आपल्या मनात पक्का बसवला. गाडीच्या धुराकडे आपण याच समजुतीने पाहतो. काळा लोट दिसला की नाकाला रुमाल लावतो, डोळे चुरचुरले की काच वर करतो, आणि धूर दिसत नसेल, वासही येत नसेल, तर हवा ठीक आहे असे धरून चालतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी सर्वांत लवकर जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र नाकाच्या आणि डोळ्यांच्या या तपासणीतून सहज निसटतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशात खवखवत नाही. त्यात मरकॅप्टनसारखे काही मिसळण्याची सोयही नाही, कारण तो कुठून भरून आणलेला नसतो. इंधन जळतानाच तो तयार होतो, आणि इंधनात घातलेला वास तोवर त्याच ज्वाळेत जळून गेलेला असतो.

म्हणून या वायूबद्दल बोलताना ‘सावध राहा’ एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते, किंबहुना धोक्याचेही. एसी लावून उभ्या गाडीत झोपलेला माणूस सकाळी मृतावस्थेत सापडला, अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येते आणि वाचणारा मनातल्या मनात त्या माणसाची चूक शोधू लागतो. प्यायला असेल, थकला असेल, लक्ष नसेल. खरे तर पूर्ण शुद्धीत असलेला, निर्व्यसनी, सुशिक्षित माणूसही त्या गाडीत वाचला असता याची खात्री देता येत नाही. प्रश्न त्याच्या लक्ष देण्या न देण्याचा नव्हताच. चालू इंजिन आणि झोपलेला माणूस एकाच कोंडलेल्या हवेत होते, आणि ती रचनाच घातक होती. माझे म्हणणे एवढेच आहे की या विषापासून संरक्षण जागेच्या रचनेत असावे लागते, माणसाच्या जागरूकतेत नव्हे. हे म्हणणे टोकाचे वाटेल, म्हणून त्यामागची कारणे नीट पाहायला हवीत.

कार्बन मोनॉक्साइड शरीरात काय करतो हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिले होते. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोचवते. त्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट जास्त असते. हवेत हा वायू अगदी थोडा असला तरी तो ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि सहजी सोडत नाही. शिवाय उरलेल्या हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजनही पेशींना लवकर मिळत नाही. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९०च्या दशकात हा वायू स्वतःच हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. पाय लटपटू लागले, नजर अंधुक झाली, आधाराशिवाय चालणे कठीण झाले, आणि हे सगळे होताना श्वास कोंडल्याची भावना मात्र फारशी नव्हती. गुदमरणाऱ्या माणसाची जी तडफड आपल्या डोळ्यांसमोर येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. इथे कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, छाती वरखाली होत राहते आणि शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. कोळशाच्या खाणींतल्या स्फोटांनंतर मेलेल्या मजुरांच्या प्रेतांचा अभ्यास करून हॉल्डेन यांनी दाखवले की त्यांतले पुष्कळ जण स्फोटाने नव्हे, नंतर पसरलेल्या या वायूने गेले होते. उपाय म्हणून त्यांनी उंदीर आणि कॅनरी पक्ष्यासारखे छोटे जीव सोबत न्यायला सुचवले, कारण त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी होतो. ब्रिटिश खाणींतून हे पक्षी १९८६ नंतर निवृत्त झाले आणि त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली. खाणीत जन्म काढलेल्या अनुभवी मजुरांच्या नाकावरही या शास्त्रज्ञाने भिस्त ठेवली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जागरूकता अपुरी पडण्याचे दुसरे कारण याहून वाईट आहे. ऑक्सिजनचा तुटवडा मेंदूला फार लवकर जाणवतो, आणि धोका ओळखून दार उघडायचा निर्णय घेणाराही मेंदूच. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, हातापायांतली शक्ती गेल्यासारखे वाटणे ही पहिली लक्षणे. त्यांच्या मागोमाग येतो तो विचारांचा गोंधळ आणि गुंगी. ही लक्षणे आपल्याकडे इतकी ओळखीची आहेत की त्यांना नावे आधीच ठरलेली आहेत. घरात झाले तर पित्त, पावसाळ्यात झाले तर ताप येणार असेल, बाहेरचे खाल्ले असेल तर ते बाधले, आणि प्रवासात झाले तर गाडी लागली. मग लिंबू हुंगायला देतात, आले-साखर देतात, मागच्या सीटवर जरा आडवे व्हायला सांगतात. घाटात मुलाला उलटी झाली की दर वेळी विषबाधाच समजावी असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ते वळणांमुळेच होते. पण काही खुणांनी संशय यायलाच हवा. एकाच गाडीत, खोलीत किंवा दुकानात बसलेल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, कुणाला ताप नाही, आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर थोड्या वेळाने सगळ्यांना बरे वाटू लागले, तर कारण पोटात शोधू नये, हवेत शोधावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयविकार असलेल्यांना हे लवकर बाधते. गर्भाच्या रक्तात तर हा वायू आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो आणि सावकाश निघतो, त्यामुळे आईला बरे वाटले म्हणजे सगळे निभावले असे होत नाही.

आता इंजिनाकडे वळू. इंधन पुरेशा हवेत पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळाले तर कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल इंजिनात हे अर्धवट जळणे थोडेफार होतच असते. सीएनजी आणि एलपीजीवर चालणारी इंजिनेही याला अपवाद नाहीत. डिझेल इंजिन गरजेपेक्षा बरीच जास्त हवा घेऊन चालते, म्हणून त्याच्या धुरात हा वायू तुलनेने कमी असतो. त्या धुराचे दोष वेगळे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली त्याला कर्करोगकारक ठरवले आहे. पण आपण पेट्रोलचा एक साधा हिशेब करू. एक लिटरचे इंजिन जागेवर चालू असताना मिनिटाला सुमारे आठशे फेरे घेते, दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढते, आणि थ्रॉटल जवळपास मिटलेले असल्याने पूर्ण क्षमतेच्या साधारण तिसरा हिस्साच भरते. म्हणजे मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर धूर. गाडी जुनी आणि धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर नसलेली असेल, धुरात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड असेल, तर मिनिटाला सुमारे चार लिटर शुद्ध विष तयार होते. तीन मीटर रुंद, पाच मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा गॅरेजमध्ये साडेसदतीस हजार लिटर हवा मावते. शटर ओढलेले असेल, तर त्या हवेत या वायूचे प्रमाण दर मिनिटाला दहा लाखांत शंभर भागांनी वाढते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने पूर्ण पाळीसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा दहा लाखांत ३५ भाग आहे. ती अर्ध्या मिनिटाच्या आत ओलांडली जाते. तीच संस्था १,२०० भागांना तत्काळ जिवाला धोका मानते, आणि तो आकडाही पाव तासाच्या आत गाठला जातो. पावसाच्या झडीत शटर खाली ओढून आत इंजिनाचे ट्यूनिंग करणाऱ्या मेकॅनिकच्या बाबतीत हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पीयूसीचा. गाडीची तपासणी झाली आहे, प्रमाणपत्र डॅशबोर्डमध्ये आहे, मग भीती कसली? त्या प्रमाणपत्रावरचा आकडा वाचून पाहावा. आपल्या नियमांत बीएस-चार आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारसाठी जागेवर चालू असताना धुरात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. २००० सालानंतरच्या जुन्या दुचाकींना ही मर्यादा ३.५ टक्क्यांपर्यंत होती. ०.३ टक्के म्हणजे दहा लाखांत ३,००० भाग. उघड्या रस्त्यावर हा धूर काही क्षणांत हजारो पट हवेत विरतो, म्हणून ती मर्यादा शहराच्या हवेसाठी योग्यच आहे. कोंडलेल्या जागेत हाच धूर श्वासात येणार असेल, तर उत्तीर्ण झालेली गाडीही माणसाला बेशुद्ध करू शकते. पीयूसी केंद्र गाडी मोकळ्यावर तपासते, आणि प्रमाणपत्रही मोकळ्या हवेपुरतेच खरे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला पुरावाही आहे. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो या वायूचे बहुतांश रूपांतर करून टाकतो, मग जुन्या काळची भीती आता कशाला? अमेरिकेत १९७५ पासून कन्व्हर्टर आले आणि पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत वाहनांच्या कार्बन मोनॉक्साइडने होणाऱ्या अपघाती मृत्यूंचा दर तीन चतुर्थांशांहून अधिक घटला. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके लागू झाली, आणि रस्त्यावरच्या हवेत या वायूचे ओझे त्यामुळे खरोखर कमी झाले. हे यश मोठे आहे. पण ते कुणी मिळवले हे पाहिले तर माझेच म्हणणे बळकट होते. लोक एकाएकी जास्त सावध झाले नव्हते; गाडीची घडण बदलली होती. शिवाय या साधनाला मर्यादा आहेत. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणजे थंड गाडी चालू केल्यावरचा सुरुवातीचा धूर जवळजवळ तसाच बाहेर येतो, आणि बंद पार्किंगमध्ये आपण गाडी नेमकी थंड असतानाच चालू करतो. कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करायला त्याला ऑक्सिजन लागतो. कोंडलेल्या जागेत इंजिन तोच ऑक्सिजन वापरत जाते आणि ज्वलन बिघडत जाते. वर्षे गेली की कन्व्हर्टर निकामी होतो, कधी चोरीला जातो, कधी ‘पिकअप वाढतो’ म्हणून काढूनही टाकला जातो. आणखी एक गोष्ट. कन्व्हर्टर धुरातली वास येणारी, झोंबणारी द्रव्येही पुष्कळ कमी करतो. त्यामुळे नव्या गाडीचा धूर पूर्वीसारखा वर्दी देत नाही, आणि नाकावर विसंबणे पूर्वीहून अधिक बेभरवशाचे झाले आहे.

उभ्या गाडीत एसी लावून झोपण्याचा प्रकार वेगळा काढून पाहायला हवा, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. एसी स्वतः कोणताही विषारी वायू तयार करत नाही. धोका त्यासाठी चालू ठेवलेल्या इंजिनाचा असतो. धावत्या गाडीत धूर मागे पडत जातो. उभ्या गाडीत तो खाली आणि आजूबाजूला घुटमळतो. मागे भिंत असेल, गाडी खड्ड्यात किंवा गवतात असेल, तर आणखीच. सायलेन्सर गंजून फुटलेला असेल, मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असेल, अपघातानंतर डिकीचे दार नीट बसत नसेल, पत्र्यातली रबरी बुचे निघालेली असतील, तर तो आत शिरतो. यावर काही जण म्हणतात की आम्ही काच दोन बोटे उघडी ठेवतो. वारा अनुकूल असेल तर त्याचा उपयोग होईल, पण वारा मागून पुढे वाहत असेल तर त्याच फटीतून धूर आत येतो. झोपलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा बदललेली कळणार कशी? आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले की बाहेरचा धूर येत नाही, हा दुसरा तोडगा. छोट्या फटींतून होणारी गळती त्याने थांबत नाही. उलट आत आलेला वायू बाहेर जाण्याची वाट तेवढी अरुंद होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आतल्या भागात शिरल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीत दिसून आले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फाच्या वादळात अडकलेल्या वाहनांत वीसहून अधिक पर्यटकांचा अंत झाला, तेव्हा कडाक्याच्या थंडीबरोबर चालू इंजिनांतून आत साचलेल्या या वायूकडेही अधिकाऱ्यांनी बोट दाखवले होते. मनाली किंवा गुलमर्गला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धुराला परतून गाडीखाली आणि आत येण्यावाचून मार्ग उरत नाही. इंजिन चालू करण्याआधी ते तोंड मोकळे करणे आणि उबेसाठी इंजिन अखंड न चालवता थोडा थोडा वेळच चालवणे, तेही जागे राहून, एवढे तरी पाळायला हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो: वर्षानुवर्षे असेच करत आलो, काही झाले नाही. ट्रकवाले झोपतात, टॅक्सीवाले झोपतात, लग्नाच्या वऱ्हाडाचे चालक रात्रभर गाडीत असतात. हे खरे आहे, आणि त्याचे कारणही कळण्यासारखे आहे. हवेत हा वायू किती साचेल हे वारा, फटी, गळती, इंजिनाची तब्येत, गाडीची जागा आणि किती वेळ गेला अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि बहुतेक रात्री त्यांतली एखादी तरी आपल्या बाजूची असते. सगळ्या एकाच रात्री विरुद्ध जातात तेव्हा आधीच्या शेकडो सुखरूप रात्री काही सांगत नाहीत. सुखरूप राहिलेल्या रात्रीही आपण समजतो तितक्या निर्धोक होत्या की नाही, हे कळायला मार्ग नसतो. सकाळी जड डोक्याने उठलेल्या चालकाने चहा घेतला आणि जागरणाला दोष दिला, एवढेच घडलेले असते.

संरक्षण जागेच्या रचनेतच असावे लागते, ही गोष्ट अभियंत्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगली होती. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखालून मोटारींसाठी हॉलंड बोगदा बांधायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न होता तो हजारो गाड्यांच्या धुराचा. येल विद्यापीठातले यांडेल हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद कक्षात बसवलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती वायू किती वेळ सोसतो हे मोजले. पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रायोगिक खाणीत वर्तुळाकार बोगदा करून त्यात गाड्या फिरवून पाहिल्या. मग रस्त्याखालून ताजी हवा आणायची आणि छतावरून घाण हवा ओढून घ्यायची अशी रचना केली गेली. ८४ पंखे दर दीड मिनिटाला बोगद्यातली सगळी हवा बदलतील अशी ती योजना होती. १९२७ साली बोगदा खुला झाला आणि आजही वापरात आहे. चालकांना ‘बोगद्यात जपून श्वास घ्या’ असे फलक कुणी लावले नाहीत. याच्या उलट उदाहरण इटलीतले. मार्च १९४४ मध्ये बाल्व्हानोजवळच्या बोगद्यात चढावर अडकलेल्या आगगाडीत वाफेच्या इंजिनांच्या धुराने पाचशेहून अधिक प्रवासी गेले. एवढ्या गर्दीत सावध माणसे नव्हती असे कोण म्हणेल?

आपल्या शहरांत आज असे छोटे बोगदे घराखालीच आहेत. इमारतींच्या बेसमेंटमध्ये दोन-दोन मजले पार्किंग असते, आणि तिथल्या हवेसाठी बसवलेले एक्झॉस्ट पंखे वीजबिल वाचवायला बंद ठेवले, तर त्याची किंमत गाडी घेऊन दोन मिनिटांत वर जाणारे आपण मोजत नाही. ती मोजतो तिथे खुर्ची टाकून बारा तास बसणारा वॉचमन, पहाटे गाड्या पुसणारा मुलगा, साहेबांची बैठक संपेपर्यंत गाडीत थांबणारा चालक. माझ्या मते या विषयातला सर्वांत अन्यायाचा भाग हाच आहे. ज्यांच्या हाती जागेची रचना नाही, त्यांनाच आपण सावध राहायला सांगतो. चालकाला रात्री मुक्काम करायला लावणाऱ्या मालकाने त्याच्या झोपण्याची सोय करणे हा उपकार समजू नये. भाडे ठरवतानाच ती धरलेली असावी. सोसायटीच्या सभेत पंख्यांच्या बिलावर चर्चा होते तशी वॉचमनची केबिन तळघरातून वर आणण्यावरही व्हावी. पंखे कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरला जोडता येतात, म्हणजे हवा बिघडली की ते आपोआप सुरू होतात आणि एरवी बंद राहतात. गॅरेजवाल्याने सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर सोडला तर काम शटर खाली असतानाही होऊ शकते. जनरेटरच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार एक छोटा पेट्रोल जनरेटर शेकडो कारइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. तो बाल्कनीत, जिन्याखाली किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवणे म्हणजे आत ठेवल्यासारखेच आहे. दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब उघड्यावर त्याची जागा. गावाकडे विहीर उपसताना इंजिन पंप खाली उतरवला जातो, त्यालाही हाच न्याय. इंजिन काठावर, आणि पाइप खाली. विहिरीला छप्पर नसले तरी तिच्या तळाशी वारा पोचत नाही.

मोजणारे यंत्र घरात असावे का? असावे, विशेषतः जिथे बंद गॅरेज घराला लागून आहे, न्हाणीघरात गॅस गीझर आहे किंवा थंडीत शेगडी पेटते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरांसाठी असे अलार्म कायद्याने लागतात आणि तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या छतावर किंवा भिंतीवर ते दिसतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून ते आपणच आणून लावायला हवेत. हा वायू हवेइतकाच हलका-जड असल्याने खोलीभर सारखा मिसळतो, तेव्हा झोपायच्या जागेजवळ ते लावलेले बरे. त्यांचे सेन्सर पाच ते दहा वर्षांत संपतात, मागे छापलेली तारीख पाहावी लागते. धूर ओळखणारा अलार्म आणि गॅसगळती ओळखणारा अलार्म या वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात हे स्पष्ट विचारून घ्यावे. आणि करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे मुळीच विश्वास टाकू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतानाही पडद्यावर ९८ दिसू शकते.

गाडीत किंवा बंद खोलीत कुणी निपचित पडलेले दिसले तर धावत आत शिरण्याची ऊर्मी आवरायला हवी, कारण वाचवायला गेलेला तिथेच कोसळल्याच्या घटना या विषाच्या इतिहासात पावलोपावली आहेत. दारे बाहेरून सताड उघडावीत, इंजिन बंद करता येत असेल तर करावे, मोठा श्वास भरून घेऊन माणसाला बाहेर ओढावे आणि १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे, गार पाणी मारून पाहणे यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करावा. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघायला चार-पाच तास लागतात; घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात तेवढे काम होते. म्हणून बाहेर आणल्यावर उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. तिथे ‘चक्कर आली’ एवढेच न सांगता, चालू इंजिनाजवळ बंद जागेत होता हे आवर्जून सांगावे, म्हणजे डॉक्टर रक्तातले कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासतील. त्याच जागेत असलेल्या पण धडधाकट वाटणाऱ्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्यावी. घरी परतल्यावरही दोन दिवसांपासून पाच-सहा आठवड्यांपर्यंत काही जणांमध्ये विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळतेपणा, स्वभावातला बदल असे मेंदूचे परिणाम उशिरा दिसू लागतात. घरच्यांनी तो थकवा किंवा मनाला बसलेला धक्का समजून सोडून देऊ नये. त्याच डॉक्टरांकडे आधीचे कागद घेऊन पुन्हा जावे.